यमनी

मत्रहच्या सूकमध्ये, धुपाच्या गल्लीतून आत,
तिसऱ्या वळणावर मुर्तझा लवातींचं दुकान.
काउंटरमागे स्टुलावर मी, रेवणकर,
खडे बसवणारा.
शेठ मला 'रेवान' म्हणतात. चौदा वर्षं झाली,
'कर' कुठे गळला, कुणी शोधलं नाही.

डाव्या हाताशी अकीकांचा ड्रॉवर.
जिगरी, ताज्या कापलेल्या काळजाच्या रंगाचा.
सुलेमानी, काळ्यावर एकच पांढरी रेघ,
जणू शाईत बुडवताना कुणी अर्ध्यावर विचार बदलला.
शजरी, पोटात शेवाळाचं झाड घेऊन बसलेला,
वाढत नाही, वाळतही नाही.
पिवळ्यावर नावं कोरतात, सूर्य उच्चीचा असताना;
ती घटका चुकली की किंमत निम्मी.
आणि तळाशी बाबागोरी, राखाडी,
ज्याला इथे कुणी हात लावत नाही.

शेठ गिऱ्हाइकाला सांगतात :
हा बोटात असला की वाटमारी होत नाही,
दुवेला उचललेला हात रिकामा परतत नाही,
कर्ज फिटतं.
मी मान खाली घालून चिमटा चालवतो.
माझ्या बोटांतून दिवसाला चाळीस जातात.
कर्ज आहे तेवढंच आहे.

गाव मात्र सगळ्यांचं एकच सांगायचं : यमन.
गोण्या कुठून येतात ते मला ठाऊक.
खंबायतला दोन वर्षं काढलीत मी.
रतनपूरच्या टेकडीतून निघतो तेव्हा हा दगड
बटाट्यासारखा मातकट, बावळट.
पापडासारखा उन्हात घालायचा, महिनोन्‌महिने,
कूस बदलायची,
मग मडक्यात, शेणींच्या आचेवर रात्रभर.
सकाळी राख फुंकली की
पिवळा होता तो लाल.
तडकलेले उस्ताद मोजायचाच नाही.
म्हणायचा, तो बाबा घोरचा वाटा.

शेठना एकदा म्हटलं, आम्हीही तसेच,
आधी ऊन, मग आच.
शेठ हसले.
"रेवान, दगडाचा भाव वाढतो."

परवा सूरहून एक म्हातारा आला, हमूद बिन खल्फान.
बापाची अंगठी, खड्याला तडा.
"जपून. यमनी आहे."
मी चांदीची कड उकलली, खडा पालथा केला.
पाठीवर सरळ चर, सुईएवढा.
अर्धं भोक.
म्हणजे हा खडा नव्हेच. मणी होता,
कुणाच्या तरी माळेतला, उभा चिरलेला.
भोक दोन्ही टोकांकडून पाडलेलं,
मधोमध गाठ पडताना केसभर चुकलेलं.
आमचा उस्ताद अगदी असाच चुकायचा.

शेठ सुलेमानी चहा ओतत होते.
मी बोललो नाही.
म्हाताऱ्याने भिंग मागून घेतलं,
डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं.
मग बापाने बंदरांवरून आणलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला,
"यमनला तो कधी गेलाच नाही.
गलबत घेऊन मुंबई, रत्नागिरी, मंगळूर.
खजूर न्यायचा, सागवान आणायचा.
आईच्या बोटात ही घातली तेव्हा म्हणाला, यमनी.
आईने विचारलं नाही,
बाकीचे मणी कुणाकडे आहेत."

दुसरा खडा त्याला नको होता.
तोच बसवला, चर खाली, तडा कडेशी.
शेठनी पावती लिहिली :
यमनी अकीक, दुरुस्ती, तीन रियाल. कारागीर : रेवान.

निघताना त्याने माझं गाव विचारलं.
मालवण, म्हटलं.
तो दारातच थांबला.
"तिथल्या विहिरीचं पाणी गोड, बाप सांगायचा."

आणखी काय सांगायचा,
मी विचारलं नाही.